बेहड्यावरची अकरावी ढोली

फार जुनी गोष्ट नाही. एका जंगलात बेहड्याचं एक झाड होतं, त्या बेहड्याला अकरा ढोल्या होत्या, आणि अकराव्या ढोलीतल्या धनेशकाकू दार लिंपून घेत होत्या.

धनेशांच्यात तशी रीतच आहे. अंडी घालायची वेळ आली की बाई ढोलीत शिरते, आतून चिखलाने दार बुजवते आणि चोचीएवढी फट ठेवते. मग तीन महिने नवरा त्या फटीतून उंबरं भरवतो. आत तिची उडायची पिसं गळतात. पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर पडत नाही, आणि कुणी पाडलं तर खाली दगडासारखी येते.

शेवटचा गोळा थापता थापता काकू मला म्हणाल्या, "खारू, वरच्या ढोलीत सकाळपासून नुसत्या गाद्या चढतायत बघ. राहणाऱ्याला एवढ्या गाद्या लागत नाहीत. सभा बोलाव आत्ताच. दार बुजलं की माझ्याच्याने काही होणार नाही."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही निवांत बसा हो. असेल कुणाकडे लग्नकार्य."

मी शिकलेली खार आहे. नदीपलीकडच्या कॉलेजातून पदवी घेतलीय. दोन पिल्लं आहेत मला, बोंडू आणि तुरी. वारा आला तरी मी आधी त्यांची शेपटं मोजते. पण त्या दिवशी मला गाद्यांचं काही वाटलं नाही.

लग्नकार्य नव्हतंच. वानरशेठनी बेहड्यावरच्या पाच ढोल्या घेतल्या होत्या. वानरं ढोलीत राहत नाहीत, फांदीवर झोपतात, हे जंगलातलं शेंबडं पोरही जाणतं. पण विचारायचं कुणी? बेहडा फक्त राहण्यासाठी आहे, असा राजांचा शिक्का खोडावर होता. त्या शिक्क्यावरच शेठनी पाटी ठोकली: 'दोन दिवस निसर्गाच्या कुशीत. गोंगाट चालेल.'

पाहुणे येऊ लागले. आधी चाळीस पोपट आले, कुणाच्या तरी वाढदिवसाला. मग साळिंदर आलं, त्याने ढोलीच्या भिंतीवर स्वतःचं नाव कोरलं. शेजारचे पिंगळे आजोबा दिवसा झोपतात. त्यांनी पोपटांना हळू बोलायची विनंती केली, तर पोपटांनी त्यांच्यासोबत फोटो काढले.

मग महिन्याभराने एका शनिवारी सकाळी घोरपडीण आली, सहकुटुंब. मला अगदी गोड हसली. "किती छान जागा आहे हो! इथे नाश्त्याला काय मिळतं?"

असं म्हणताना ती बोंडूकडे बघत होती.

मी दोन्ही पिल्लं तोंडात धरून शेंड्यावर गेले. शेंड्यावरून सभा बोलावली. काकूंनी सांगितलं होतं तेव्हा बोलावली असती तर खालूनच बोलावता आली असती.

आम्ही पाच बिऱ्हाडं तक्रार घेऊन दरबारात गेलो. गादीवर अस्वलमहाराज होते. ते तीन वेळा बिनविरोध निवडून आलेले आहेत. विरोधात उभं राहणाऱ्यांची तब्येत दर वेळी बिघडते. महाराजांनी आमचं सगळं ऐकलं, तोंडाला लागलेला मध पुसला आणि भाषणाला उभे राहिले.

"माझ्या लाडक्या वनबांधवांनो! पूर्वीच्या राजवटीत तुम्हाला जन्मभर एकच शेजारी मिळायचा. मिळायचा की नाही?"

"मिळायचा!" मागून वानरं ओरडली.

"आम्ही आठवड्याला तीन देतो! दार उघडं..."

"भाग्य उघडं!"

"दार उघडं..."

"भाग्य उघडं!"

पिंगळे आजोबा हळूच म्हणाले, "महाराज, ते पाहुणे आमची पिल्लं खायला बघतात."

"म्हणजे स्थानिक पदार्थांना मागणी वाढतेय," महाराज म्हणाले आणि त्यांनी चिटणिसाला हुकूम लिहायला लावला. हुकूम असा: यापुढे पाहुण्यांना तात्पुरते रहिवासी म्हणावे आणि रहिवाशांना दीर्घ मुक्कामाचे पाहुणे म्हणावे. त्यामुळे बेहड्यावर पाहुण्यांचा त्रास उरणार नाही. तरीही समाधान न झाल्यास, तात्पुरते रहिवासी ठेवावेत की नाही यावर प्रत्येक राहत्या ढोलीला एक मत देऊन कौल घ्यावा. रिकामी ढोली आढळल्यास ती वानरशेठनी जनहितार्थ सांभाळावी.

मी घरी येता येता मोजलं. पाच ढोल्या आमच्या. पाच शेठच्या. अकरावी काकूंची. म्हणजे आपण जिंकलोच की, असं मला वाटलं. शिकलेली ना मी.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार मुंगूसराव वही घेऊन आले. घोरपडीणबाईंच्या ढोलीत त्यांना सरबत मिळालं. मग ते काकूंच्या दाराशी आले आणि एकदाच टकटक केलं.

"बंद घर," ते लिहू लागले.

"अहो, बंद कसलं? काकू आहेत आत. अंड्यांवर बसल्यात."

"बाहेर यायला सांगा."

"त्यांना येता येत नाही. पिसं गळलीत."

"मग नियमात त्या नाहीत."

"नियमात नसतील, ढोलीत आहेत ना! ही फट बघा. डोकावा की."

"डोकावण्याचा रकाना नाही ताई. आहेत आणि नाहीत, असे दोनच आहेत."

तेवढ्यात धनेशकाका आले. माझा जीव भांड्यात पडला. पण काका उंबरावरून आले होते. गळ्यात वीस-बावीस उंबरं ठासलेली, चोचीत एक. धनेशांचा गडी वाटेत तोंड उघडत नाही. बायकोचा घास सांडला तर तो दिवसभर फांदीवर तोंड लपवून बसतो.

"हे घर तुमचं का?" मुंगूसरावांनी विचारलं.

काका नुसते बघत राहिले.

"आत कुणी आहे का?"

काकांचे डोळे पाण्याने भरले. पण चोच मिटलेलीच.

मी ओरडले, "काका, टाका ती उंबरं! बोला!"

काका बोलले नाहीत. मुंगूसरावांनी वहीत लिहिलं: 'शेजाऱ्यास काही म्हणणे नाही. ढोली रिकामी.' आणि वही मिटून ते निघून गेले. मग काकांनी एक एक उंबर काढून फटीत भरवलं. तोंड मोकळं झाल्यावर म्हणाले, "काय विचारत होते गं ते?"

मला रडू आलं आणि हसूही आलं. आधी हसू आलं.

हुकूम निघाला. मंगळवारी सकाळी कौल, आणि कौलाआधी महाराजांच्या हस्ते अकराव्या ढोलीचं दार फोडून लोकार्पण. घोरपडीणबाईंनी ती ढोली आगाऊ घेतली. "बंद दार म्हणजे आत अंडी असणार," ती नवऱ्याला म्हणाली. "सुटी सार्थकी लागेल."

मी फटीशी गेले. "काकू, चुकले हो मी. तुम्ही सांगत होतात."

आतून आवाज आला, "चुकलीस ते राहू दे. काल रात्री एक पिल्लू निघालंय. अजून डोळेही उघडलेले नाहीत त्याचे. मंगळवारपर्यंत किती दिवस आहेत?"

"दोन."

"बरं." काकूंनी फटीला चोच लावली. "तू दिवसभर माझ्या दाराकडे बघत बसतेस ना? मग तुला माझी वेळ ठाऊक असेल."

मला ठाऊक होती. काळजी करणाऱ्या बाईला शेजारच्यांच्या सगळ्या वेळा ठाऊक असतात. धनेशांची बाई ढोली फार स्वच्छ ठेवते. भरपेट उंबरं खाल्ली की थोड्या वेळाने ती वळते, फटीला पाठ लावते आणि घरातली घाण नेम धरून बाहेर लांब फेकते. एरवी आम्ही त्या वेळी तिथून जात नाही.

सोमवारी संध्याकाळपासून पाचही बिऱ्हाडांनी उंबरं वाहिली. पिंगळे आजोबांनी झोप मोडून वाहिली. काका भरवत राहिले, काकू खात राहिल्या. मंगळवारी सकाळी फटीसमोर आम्ही पानाफुलांचं मखर उभारलं आणि मधोमध महाराजांसाठी उंच पाट मांडला.

महाराज खूश झाले. "बघा, विरोधकही स्वागताला आले!" ते पाटावर चढले. एका हातात हुकूम, दुसऱ्या हातात दार फोडायचा दगड. मागे शेठ, बाजूला वही उघडून मुंगूसराव. झाडाखाली घोरपडीणबाई, कमरेला रुमाल बांधून.

"बांधवांनो! या बंद दारामागे काय आहे?" महाराजांनी दगड उचलला. "काहीही नाही! बंद दार म्हणजे प्रगतीला विरोध! दार उघडं..."

आतून उत्तर आलं.

ते महाराजांच्या कपाळावर, हुकुमावर, त्यावरच्या शिक्क्यावर आणि उरलेलं मुंगूसरावांच्या उघड्या वहीवर, बरोबर 'ढोली रिकामी' या शब्दांवर आलं. त्यात उंबराच्या बिया होत्या. दगड महाराजांच्या हातातून त्यांच्याच पायावर पडला.

जंगलात इतकी शांतता मी पोपट आल्यापासून ऐकली नव्हती. मग बोंडू मोठ्याने म्हणाला, "आई, काकूंनी मत दिलं!"

सगळं झाड हसलं. वानरंही हसली, मग शेठकडे बघून गप्प झाली. मुंगूसराव वही झटकत म्हणाले, "महाराज, रिकाम्या ढोलीतून असं येत नाही. मला नोंद करावी लागेल." त्यांनी 'आहेत'च्या रकान्यात खूण केली. जागाही तेवढीच कोरडी राहिली होती.

महाराजांनी तोंड पुसलं आणि हात जोडले. "जनतेने मोकळ्या मनाने मत मांडलं," ते म्हणाले. "आपल्या राज्यात तेवढं स्वातंत्र्य आहे."

कौल सहा विरुद्ध पाच लागला. घोरपडीणबाई मत देऊन संध्याकाळी निघून गेली. जाताना जागेला एकच तारा दिला. शेठची पाटी उतरली. आठवड्याने शेठ 'रहिवासी हक्क रक्षण समिती'चे अध्यक्ष झाले आणि पलीकडच्या ऐनाच्या झाडावर त्यांच्या गाद्या चढू लागल्या. या वेळी मी त्याच दिवशी ऐनावर जाऊन सांगून आले. तिथली शिकलेली सातभाई पक्षीण म्हणाली, "असेल कुणाकडे बारसं." मी तिथून हलले नाही. सभा झाली तेव्हाच घरी आले.

काकूंचं पिल्लू आता फटीतून चोच बाहेर काढतं. मुंगूसरावांच्या नव्या वहीत काकूंच्या नावापुढे लिहिलंय: 'आहेत. पुन्हा तपासावे.' महाराजांची निवडणूक जवळ आलीय, त्यामुळे याद्या नव्याने लिहिणं सुरू आहे.

तुमच्या मजल्यावरही एखादं दार बरेच दिवस बंद असेल. आत बाळंतीण असेल, कुणी म्हातारं माणूस असेल, दाराशी यायला वेळ लागणारं. यादीवाला एकदाच टकटक करतो. त्याच्याआधी तुम्ही जा. हाक मारा, आतून आवाज येईपर्यंत थांबा, आणि नाव यादीत आहे का तेवढं बघून या.

फक्त फटीच्या अगदी समोर उभे राहू नका.