निरोगी पाडा

केवडीपाड्याला फिरत्या दवाखान्याचे अनुदान द्यायचे की नाही, हे त्या दुपारी ठरायचे होते. आशा कार्यकर्ती जेमाबाई पाडवी खुर्ची असूनही बसेना. अनुदान मंजूर करणारे जिल्ह्याचे अधिकारी टिपरेसाहेब मात्र निवांत फाईल चाळत होते.

"तालुक्याच्या दवाखान्यात वर्षभरात तुमचे दोनच रुग्ण आले, बाई. म्हणजे पाडा निरोगी. अनुदान कशाला?"

जेमाबाईने पाड्यावरची भेटवही पुढे सरकवली. पाहणीला येणारा अधिकारी तिच्यात सही करतो.

"पाच वर्षांत एकही सही नाही, साहेब. मग जिल्ह्यात अधिकारीच नाहीत, असं समजायचं का आम्ही?"

साहेबांनी घाईने वही मिटली. "तसं नाही हो. डोंगराची वाट फार अवघड आहे."

"एवढंच फाईलवर लिहा," जेमाबाई म्हणाली, "आणि खाली सही करा."

साहेबांनी लिहिले. अनुदान मंजूर करायला त्याहून सबळ कारण पुढे कोणी मागितले नाही.