साठावा चुडा

एका राज्यात, जिथे माणसं विसरत पण मैना काही विसरत नसत, भद्रसेन नावाचा राजा होता. राजकन्येसाठी त्याने एका म्हाताऱ्या कासारणीकडून चुडा घेतला आणि काचेपुरते पैसे तिच्यापुढे टाकले. म्हणाला, "हातांचे कसले पैसे? हात देवाने फुकट दिलेत!"

म्हातारी होती चेटकीण. चुडा चढताच राजकन्या दगड झाली.

"माझ्या बाजारात चुड्यांचं दुकान मांडा," चेटकीण म्हणाली. "ना नफा, ना तोटा. खर्च नेमका भरून निघेल त्या चुड्याला फळी लावून दुकान बंद करा. शाप सुटेल. जो चुकेल तो दगड."

पहिले आले नगरशेठ. दुकानाचं नि भट्टीचं भाडं एकशेवीस मोहरा, चुड्याची किंमत पाच. पाचाने भागलं आणि चोविसाव्या चुड्याला फळी लावून गडी मोकळा! अहो, काच काय आभाळातून पडते? शेठजी जागीच दगड झाले.

दुसरा राणबा कासार. तो जाणता. चुड्यामागे काच दोन मोहरांची, म्हणजे उरतात तीन. एकशेवीस भरायला चाळीस चुडे. चाळिसावा विकून त्याने फळी लावली, आणि हाय रे दैवा, हात फळीवरच दगड झाला, मग सगळा देह.

त्याची बायको येसू हे उघड्या डोळ्यांनी बघत होती. दगडी पायांवर डोकं टेकून ती पोटभर रडली. मग पदराने डोळे पुसून तिने भट्टी पेटवली.

वळचणीला चेटकिणीची मैना बसली होती. येसूने विचारलं, "मैनाबाई, भाडं किती?"

"एकशेवीस. चुडा एक विका, नाहीतर हजार."

"काच?"

"चुड्यामागे दोन."

"आणखी काय लागतं?"

मैना थेट राजाच्या आवाजात बोलली, "हातांचे कसले पैसे?"

येसूने आपले तळवे पाहिले. जागोजागी पोळलेले. राणबाचेही असेच होते. घरचीच मेहनत म्हणून दोघांनी ती जन्मात कधी हिशेबात धरली नव्हती.

"परक्या गड्याला चुड्यामागे एक मोहर देतात, तीच माझी मजुरी," ती म्हणाली. "पाचांतून तीन गेल्या, उरल्या दोन. साठ चुडे."

चाळिसावा चुडा विकला गेला तशी चेटकीण पुढे आली. "भाडं निघालं, काच निघाली. लाव फळी. नवरा वाट बघतोय."

येसूचा जीव तुटला. पण ती म्हणाली, "हात राहिलेत, आजीबाई."

साठावा चुडा विकून तिने फळी लावली. राजवाड्यात राजकन्येने श्वास घेतला. शेठजी खोकत उठले. राणबाने डोळे उघडले.

"येसू, माझं चुकलं कुठे?"

"तुम्ही तुमचे हातच धरले नाहीत," ती म्हणाली, आणि ते तिने घट्ट धरले.

राजा अनवाणी बाजारात आला. मान खाली घालून त्याने म्हातारीच्या पोळलेल्या तळव्यावर एक मोहर ठेवली. तेव्हापासून त्या राज्यात भाव सांगण्याआधी कारागीर आपले हात दाखवतो.

ही साठा चुड्यांची कहाणी, चार हातांनी सुफळ संपूर्ण.