अनसूयाकाकूंचा गोरा भाडेकरू

अमेरिकेत, बटाट्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका गावात एक भोळा मुलगा होता. आडनाव टॅनर. सांगितलेलं ऐकायचा. जेवढं सांगितलं तेवढंच ऐकायचा, आणि एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. सगळा घोटाळा बहुधा त्यामुळंच झाला.

त्याच्या घरचे लोक मॉर्मन पंथाचे. त्या पंथात मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा झाला की दोन वर्षं परमुलखात धर्मसेवेला जातो. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पाटी. पहाटे उठायचं, सायकलवरून दारोदार जायचं, ऐकेल त्याला देवाचे दोन शब्द सांगायचे, कुणाचं काम अडलं असेल तर हात लावायचा. चहा नाही, सिनेमा नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा. आणि अशा प्रत्येक पोराला म्हणायचं 'एल्डर', म्हणजे वडीलधारा.

टॅनर निघाला तेव्हा सगळं गाव निरोपाला आलं. आजोबांनी स्वतःचा काळा कोट त्याच्या अंगावर घातला. जो दोन वर्षं पुरी न करता परततो, त्याच्या घरच्यांना त्या गावात मान खाली घालून चालावं लागतं.

त्याला पाठवलं महाराष्ट्रात, आणि दोन गावं झाल्यावर सातारा जिल्ह्यात, एका बाजारपेठेच्या गावी. तिथं त्याचा जोडीदार होता एल्डर बोर्डे, जालन्याचा. वयानं दोनच वर्षांनी मोठा, पण टॅनर आल्यापासून तो फार मोठा दिसू लागला. दोन बिनलग्नाच्या पोरांना, त्यातून एक गोरा, कुणी खोली देईना. शेवटी अनसूयाकाकू डहाळे यांनी मागची खोली दाखवली.

"वडीलधारा कोण? हा?" काकूंनी टॅनरकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "याला अजून मिसरूड नाही."

"पंथाची रीत आहे, काकू," बोर्डे म्हणाला.

"असेल. पण माझ्या मकरंदचं लग्न तोंडावर आलंय. लग्नघराला बट्टा लागेल असं काही झालं, तर खोली खाली."

बोर्डेनं टॅनरला बाजूला घेतलं. "हे बघ एल्डर, याआधी दोन गावांतून तू परत आलायस. ही खोली गेली तर वरचे लोक तुला विमानात बसवतील. थेट घरी."

टॅनरचा चेहरा पडला. "मी सगळं शिकेन, एल्डर. तू फक्त सांगत जा."

बोर्डे सांगत गेला.

पहिल्याच सकाळी दोघं बाहेर निघाले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. टॅनर म्हणाला, "काकू, जातो!"

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. "अगं बाई! कसलं अभद्र बोलतो हा!"

कोपऱ्यावर बोर्डेनं सायकल थांबवली. "अरे, निघताना जातो म्हणायचं नसतं. येतो म्हणायचं. आणि हसून म्हणायचं."

"कुठल्याही घरातून निघताना?"

"कुठल्याही."

टॅनरनं मान हलवली. पाठ झालं.

मराठी त्याला चांगली यायची. अडचण मराठीची नव्हती.

त्याच आठवड्यात गल्लीतले जगूतात्या वारले. दोघं एल्डर भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं. तात्यांचा मुलगा सदाशिव भिंतीला टेकून बसलेला. थोड्या वेळानं बोर्डे गुपचूप उठला. टॅनरही उठला. दारात वळला, सगळ्यांकडे पाहून छान हसला आणि मोठ्यानं म्हणाला, "येतो!"

सदाशिवच्या आईनं पदर तोंडाला लावला. सदाशिव उभाच राहिला. "येतो? आता कुणासाठी येतोस रे?"

"सगळ्यांसाठी," टॅनर म्हणाला. कारण एकट्यासाठी म्हणणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी सदाशिवचा चुलता काकूंच्या ओट्यावर येऊन अर्धा तास ओरडून गेला.

"अरे एल्डर, डोकं आहे का खोकं?" बोर्डे म्हणाला. "अशा वेळी हसायचं नाही, बोलायचं नाही. मान खाली घालून बसायचं. घरातल्या मोठ्या माणसाचा हात हातात घ्यायचा आणि हळू म्हणायचं, देवाची मर्जी, धीर धरा. बस्स."

"घर भरलेलं असेल, सगळे सतरंजीवर बसले असतील, तेव्हा?"

"हो, हो, तेव्हाच."

टॅनरनं मान हलवली. पाठ झालं.

त्यानंतर मकरंदचा साखरपुडा झाला. घर भरलेलं. सगळे सतरंजीवर बसलेले. कराडहून मुलीचे वडील माळवेअण्णा आले होते. मुलगी ज्योत्स्ना आतल्या खोलीत. टॅनर मान खाली घालून आला, थेट अण्णांच्या शेजारी बसला. त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग हळू म्हणाला, "देवाची मर्जी. धीर धरा."

अण्णा दचकले. "का हो? मुलाचं काही आहे का?"

टॅनर बोलला नाही. बोलायचं नव्हतंच. त्यानं नुसता हात थोपटला.

अण्णांना घाम फुटला. ते उठून काकूंना कोपऱ्यात घेऊन गेले. "विहीणबाई, काय असेल ते आत्ताच सांगा. फिट येतात का?"

"कुणाला?"

"जावयाला!"

मकरंदला सगळ्यांसमोर अंगणाला दोन फेऱ्या पळवून, वजन उचलायला लावून मगच अंगठी घातली गेली.

पाहुणे गेल्यावर काकू बोर्डेला म्हणाल्या, "मकरंदचं ठरलेलं लग्न मोडत होता तुझा वडीलधारा."

बोर्डेनं डोक्याला हात लावला. "अरे एल्डर, डोकं आहे का खोकं? हे आनंदाचं घर आहे! लग्नघर! इथं काहीही घडलं तरी हसायचं, टाळ्या वाजवायच्या, तोंड गोड करा म्हणून पेढा मागायचा!"

"काहीही घडलं तरी?"

"काहीही!"

टॅनरनं मान हलवली. पाठ झालं.

लग्नाला आठवडा राहिला. मागच्या अंगणात आचारी बुंदी पाडत होता, बायका लाडू वळत होत्या. अचानक कढईतल्या तेलानं पेट घेतला. ज्वाळा मांडवाच्या कापडाला लागली. आचारी ओरडला, "पोतं! ओलं पोतं आणा कुणीतरी!"

सगळ्यात जवळ टॅनर होता. पोतंही त्याच्याच पायाखाली होतं. तो हसला. टाळ्या वाजवू लागला. वर ज्वाळा, खाली टाळ्या. मग हात पुढं करून आचाऱ्याला म्हणाला, "तोंड गोड करा! पेढा?"

आचाऱ्यानं त्याच्या पायाखालचं पोतं ओढलं, टॅनर बुंदीच्या परातीत बसला, आग विझली. मांडवाला हंड्याएवढं भोक पडलं.

काकू आल्या. भोक पाहिलं. परात पाहिली. आवाज न चढवता म्हणाल्या, "बोर्डे, लग्नाच्या दिवशी यानं बोट जरी हलवलं, तरी दुसऱ्या दिवशी खोली खाली. आता मी बोलणार नाही."

त्या दिवशी टॅनरनं घरी फोन केला. आईनं विचारलं, कसं चाललंय? तो म्हणाला, "रोज नवीन शिकतोय." मग म्हणाला, "आजोबांना सांग, कोट जपून ठेवलाय." बोर्डे दारात उभा होता. त्याला रागावताच येईना.

फोन झाल्यावर बोर्डे म्हणाला, "आता ऐक. यापुढं तू स्वतःहून काहीच करायचं नाही. जोडीदाराला सोडायचं नाही, नजरेआड होऊ द्यायचं नाही. तो उठला की उठ, बसला की बस, चालला की चाल. हा तसा आपल्या पंथाचाच नियम आहे. तेवढा एक पाळ."

टॅनरनं मान हलवली. पाठ झालं.

आणि नवल म्हणजे, हे जमलं. बोर्डे बसला की टॅनर बसे. बोर्डेनं हात धुतले की टॅनर धुवे. एकदा बोर्डेला उंबऱ्यावर ठेच लागली. टॅनर चार पावलं मागं गेला, नीट अंदाज घेतला आणि ठेच लावून घेतली. आठवडाभर तक्रार नाही. काकूसुद्धा म्हणाल्या, "हे बरं झालं. एकाला सांगितलं की दोघांचं भागतं."

लग्नाचा दिवस उजाडला. वाढपी कमी पडले. काकूंनी बोर्डेच्या हातात मठ्ठ्याची बादली दिली. पंगतीत टॅनर मागोमाग आला तर काय होईल, हे बोर्डेला डोळ्यांसमोर दिसलं. मांडवातली सगळ्यात शांत जागा नवरदेवाच्या शेजारची. तिथं नेऊन त्यानं सांगितलं, "एल्डर, आजच्यापुरता मकरंद तुझा जोडीदार. मी येईपर्यंत त्याच्याजवळ राहा."

अशी जोडीदारांची अदलाबदल त्यांच्या पंथात अधूनमधून होतेच. टॅनरला त्यात नवल वाटलं नाही.

मकरंद अंतरपाटामागं उभा राहिला. टॅनर उभा राहिला. हार घालून घ्यायला मकरंदनं मान झुकवली. टॅनरनं झुकवली. ज्योत्स्ना क्षणभर गोंधळली. पण हार एकच होता, म्हणून निभावलं. मग होम झाला. मग भटजींनी तांदळाच्या सात राशी मांडल्या. नवरा-नवरी चालू लागली. त्यांच्या मागं, प्रत्येक राशीवर काळजीपूर्वक पाय ठेवत, काळे मोजे घातलेला टॅनर चालू लागला.

सातव्या राशीला भटजींनी वर पाहिलं. मंत्र थांबला.

"हे तिसरे कोण?"

"आमचा भाडेकरू," मकरंद पुटपुटला.

बोर्डे बादली घेऊन धावत आला. काकू उठून उभ्या राहिल्या. "भटजी, लग्न बाटलं का हो?"

भटजी म्हातारे होते, विद्वान होते, आणि कशाचीच पक्की खात्री नसणारे होते. त्यांनी कान खाजवला. "तिसऱ्यानं चालू नये असं कुठं लिहिलेलं मला तरी आठवत नाही. माझं वाचन कमी पडत असेल. मात्र, जो सात पावलं बरोबर चालला तो सखा झाला, असं वचन आहे. तेवढं नक्की. बहुधा."

"म्हणजे हा आता घरातला?"

"म्हणावं लागेल."

काकूंनी टॅनरकडे पाहिलं. तो घामाघूम होऊन मकरंदच्या बाहीला धरून उभा होता. काकूंना हसू फुटलं ते आवरेचना. "मग घरातल्या माणसाला खोली खाली कर कसं म्हणू? राहा बाबा. दोन वर्षं राहा!"

मांडव हसला. बोर्डेच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बादली उचलून पंगतीत परत गेला आणि त्या दिवशी त्यानं ज्याला नको त्यालाही मठ्ठा वाढला.

शेवटची पंगत उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. बोर्डेनं हात पुसत विचारलं, "काकू, टॅनर कुठंय?"

"मला काय ठाऊक? मकरंदजवळ असेल."

"आणि मकरंद?"

"त्याला जास्त रजा कुठं आहे? मघाशीच गेली की दोघं महाबळेश्वरला, एसटीनं."

बोर्डेचा फोन वाजला. मकरंद दबक्या आवाजात बोलत होता. "बोर्डे, जेवणं आटोपली का?"

"हो."

"मग तुमचा माणूस घेऊन जा की. पाचगणी मागं पडली."

बोर्डे मटकन खाली बसला. "त्याला दे."

"एल्डर," टॅनरचा आवाज आनंदानं भरून आला होता, "काळजी करू नकोस. जोडीदार नजरेसमोर आहे. आणि तू न सांगता मला एक सुचलं. नवीन नवरी आहे, तिला बाहेर बघायला आवडेल. म्हणून तिला खिडकी दिली, मकरंदला कडेला बसवलं, आणि मधे मी बसलोय."