मास्तरांची दुरुस्ती

एक वयोवृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्येला मदतीला घेऊन एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या वेबसाइटमध्ये बसवायचा तयार, खुला कोड, सांभाळत असत. वेबसाइटवर कुणी फॉर्म भरला, की त्यातली नाव-गावाची माहिती सुटी करून पुढे देणे, एवढेच त्या लायब्ररीचे काम. ती कोणीही विनामूल्य वापरावी आणि कोणीही तिच्यात दुरुस्ती सुचवावी, असा रिवाज होता. आलेली दुरुस्ती स्वीकारायची की परत धाडायची, हा निर्णय वृद्धांनी शिष्येवर सोपवला होता. तिची नजर तीक्ष्ण होती, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

एका उन्हाळ्यात नदीकाठच्या गावातल्या एका शाळामास्तरांनी दुरुस्ती पाठवली. मोठा फॉर्म तुकड्यातुकड्यांनी येतो; नेमके दोन तुकड्यांच्या सांध्यावर एखादे मराठी अक्षर आले, तर ते फुटे आणि नाव विद्रूप होई. मास्तरांनी त्यावर उपाय लिहिला होता. उपाय चालत होता, पण कोड ओबडधोबड होता. ओळींची मांडणी नियमाप्रमाणे नाही म्हणून शिष्येने तो परत पाठवला. मास्तरांनी मांडणी बदलली. मग चाचण्या अपुऱ्या ठरल्या. मग आणखी काही. दर वेळी मास्तर 'बघतो, ताई' असे लिहीत आणि शाळा सुटल्यावर पुन्हा बसत. पावसाळ्याआधी होईल का, असे त्यांनी एकदा विचारले. नियम पूर्ण झाले की होईल, असे तिने कळवले.

त्या वर्षी नदीला महापूर आला. छावण्यांतल्या माणसांची नोंद ठेवायला स्वयंसेवकांनी घाईघाईने वेबसाइट उभारली. तिच्यात हीच लायब्ररी होती, जुन्या दोषासकट.

पूर ओसरल्यावर मास्तरांचा संदेश आला. त्यांच्या गावातले सातगोंडा नावाचे म्हातारे एका छावणीत होते आणि त्यांची मुलगी दुसरीत. ती रोज स्वयंसेवकांना वेबसाइटवर वडिलांचे नाव शोधायला लावी. नोंदीतले नाव फुटलेले, त्यामुळे ते सापडत नव्हते. छावणी सापडली तेव्हा म्हाताऱ्यांचे अंत्यसंस्कारही उरकले होते. शेवटी लिहिले होते, "दुरुस्ती मागे घेतो, ताई. आता घाई उरली नाही."

शिष्या वृद्धांकडे गेली आणि हे काम माझ्याकडून काढून घ्या, म्हणाली. वृद्धांनी सारा संवाद पहिल्यापासून शांतपणे वाचला. मग मास्तरांनी सर्वप्रथम पाठवलेली, सर्वांत ओबडधोबड प्रत उघडली. नावे अखंड उतरतात आणि दुसरे काही बिघडत नाही, याची खात्री करून घेतली आणि ती मास्तरांच्याच नावाने स्वीकारली. त्याच दुपारी नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

शिष्येला काही कळेना. ती म्हणाली, "सर, मी दाखवलेल्या सगळ्या चुका यात तशाच आहेत."

"आहेत," वृद्ध म्हणाले. "तू काढलेली एकही चूक खोटी नव्हती. पण ओळी सरळ करणे हे तुझे अर्ध्या तासाचे काम. ते नंतरही करता आले असते, आणि आता तूच करशील. हा माणूस शाळा सांभाळून, न येणारी विद्या शिकून, आपल्या दारी पुन्हा पुन्हा का येतो आहे, हे मात्र तू त्याला एकदाही विचारले नाहीस. दारावर थाप पडली, तर ती कशी मारली याची परीक्षा मागाहून घ्यावी, बाळ. आधी दार उघडावे. काम तुझ्याकडून काढून घेणार नाही. ज्याला हे दुःख ठाऊक आहे, त्यानेच या दाराशी बसावे."

तिने ओळी सरळ केल्या. मास्तरांना क्षमा मागणारे पत्रही लिहिले. त्याचे उत्तर कधी आले नाही.

पुढे एका अनोळखी तरुणीची दुरुस्ती आली. मांडणी पार विस्कटलेली. शिष्येची बोटे सवयीने पहिल्या चुकीकडे वळली आणि थबकली. तिने लिहिले, "यावाचून तुमचे काय अडले आहे, ते आधी सांगाल का?" आणि उत्तराची वाट पाहत ती तशीच बसून राहिली.