लिंबू धरणारा

"म्हणजे पट्टा देणार न्हाई म्हणता?"

हिंदुरावानं तिसऱ्यांदा विचारलं. इंगवले वस्तादांनी तिसऱ्यांदा ब्रश पाण्यात बुडवला.

उद्या जत्रेत, अख्ख्या गावासमोर, डोळे बांधून हिंदुराव धाकट्या भावाच्या तळहातावरचं लिंबू कापणार होता. डोळ्यांवर बांधायचं नवंकोरं लाल फडकं आजपासूनच गळ्यात मिरवत होता. हवा होता तो फक्त वस्तादांचा दांडपट्टा, ते पुरुषभर लांब, लवलवतं पातं. वळवाच्या सरीत वस्ताद तो फिरवू लागले की ते कोरडे राहायचे आणि बघणारे दुप्पट भिजायचे. निदान भिजलेले तरी असंच सांगतात.

आता तो भिंतीवर आडवा टांगला होता. त्यावर चित्रं वाळत होती.

साठीनंतर वस्तादांना चित्रांचं खूळ लागलं, तेही एकाच चित्राचं. उभा माणूस, पुढं केलेला तळहात, त्यावर लिंबू. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद.

"ह्यांना तोंडं कुठं हाईत?"

"बघितलीच न्हाईत. चाळीस वर्षं माझ्याम्होरं लिंबू धरून उभी ऱ्हायली बापडी..."

"लिंबाबिगर काय बघायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं."

"व्हय." वस्तादांनी दमून श्वास सोडला. "शिकवलं खरं."

...

"लिंबू धरताना तुझा भाऊ डोळं मिटतो, का उघडं ठेवतो?"

हिंदुरावानं गळ्यातलं फडकं चाचपलं. लिंबाचा देठ कुठल्या अंगाला असतो, ते त्यानं झोपेतही सांगितलं असतं.

"मला काय ठावं? लिंबू हलत न्हाई, एवढं खरं."

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. चहासाठी आणलेलं लिंबू त्यांनी हिंदुरावाच्या तळहातावर ठेवलं. चित्रं उतरवली. पट्टा हातात चढवला.

पात्याचं टोक फरशीवर टकटक वाजू लागलं.

"वस्ताद, चेष्टा नगं."

"लिंबू हलवू नगंस."

पातं वर गेलं.

...

हिंदुरावाला लिंबू दिसेना. पातंही दिसेना. दिसत होते फक्त वस्तादांचे डोळे. आणि वस्ताद लिंबाकडं बघतच नव्हते; बघत होते ते हिंदुरावाच्या तोंडाकडं.

मग पट्टा हळूच खाली आला. वस्ताद बसले, एक चित्र पुढ्यात ओढलं आणि कोऱ्या जागेत डोळे काढू लागले.

बराच वेळ गेला. लिंबू तळहातावरच होतं. त्याखालचा हात जड झाला होता.

"हात भरून आला, वस्ताद..."

वस्तादांनी मान वर केली नाही.

"पट्टा घिऊन जा. ते फडकं तेवढं ठेव. ब्रश पुसाया लागतंय."