दुसऱ्या दिवशी येणारा कारागीर

एका राज्यात असा एक राजवाडा होता, की त्यात केलेली दुरुस्ती दुसरा सूर्योदय पाहत नसे. सुतारानं ठोकलेला खिळा पहाटे आपणहून निघे आणि उंबऱ्यावर उभा राही. गवंड्यानं बुजवलेली भेग कोंबडा आरवताच जांभई द्यावी तशी उघडे. हे वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि राजवाड्यातल्या मंडळींनी त्याची चक्क सवय करून घेतली होती.

पण त्याला शंभर वर्षं भरली, त्या दिवशी राजकन्या हेमांगीच्या महालाचं दार मिटलं. मिटलं ते मिटलंच. कडी नाहीशी झाली, फळ्या आणि चौकट एकजीव झाल्या. वरून छत रोज पहाटे वीतभर खाली येऊ लागलं. राजा जयध्वज जमिनीलगतच्या झरोक्यातून लेकीला दूधभात भरवी. सातव्या दिवशी ती वाकून उभी होती, दहाव्या दिवशी बसूनच राहिली. एवढा मोठा राजा, पण त्याच्या घशाखाली घास उतरेना.

दूरदेशींचे तीन मांत्रिक आले. एकानं हिऱ्याच्या पटाशीनं दाराला भोक पाडलं. दुसऱ्यानं अग्नी फुंकून कोपरा जाळला. तिसऱ्यानं मंत्र म्हणून बिजागऱ्या वितळवल्या. पण भोक होतं बोटाएवढं, कोपरा मुठीएवढा, आणि दार काही हललं नाही. पहाट होताच भोक बुजलं, कोपरा उगवला, बिजागऱ्या गोठल्या. तिघंही शाल-श्रीफळ घेऊन मानानं राजवाड्याच्या वेशीबाहेर गेले. काम होवो न होवो, त्या राजवाड्यात निरोपाचा थाट कधी चुकला नाही!

मग एक सुतार पक्षी सज्जाच्या कठड्यावर बसला आणि मनुष्यवाणीनं बोलला, "राजा, सारे देश धुंडाळलेस. कुंभारआळी धुंडाळलीस का?"

"तिथं कोण आहे?"

"रायबा. गळकं छप्पर, मोडकी खाट, अडलेली खिडकी, आळीतलं सगळं तोच करतो. पालखी पाठवू नकोस. स्वतः जा."

राजा अनवाणी निघाला. रायबा एका म्हातारीच्या ओसरीवर जातं बसवत होता. राजाला पाहून त्यानं हात जोडले.

"महाराज, येतो. पण हे जातं बसवून. आजीला शबुद दिलाय."

आजवर कुणाचीही वाट न पाहिलेला राजा ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. म्हातारीनं त्याला पाणी दिलं.

राजवाड्यात आल्यावर रायबानं दारावर तळहात टेकला, कान लावला आणि कितीतरी वेळ ऐकलं. मग म्हणाला, "आधी तीन धाकली कामं करू द्या. घराची वळख झाल्याबिगर दाराला हात घालणार न्हाई."

"इथं माझी लेक चिरडते आहे, रायबा!"

"म्हणूनच, महाराज."

त्यानं ठिबकणारी पन्हळ सांधली. कुरकुरणारा झोपाळा सारखा केला. विहिरीचा अडलेला रहाट मोकळा केला. प्रत्येक काम झालं की तो म्हणे, "आता तुमी वापरून बघा." राजानं जन्मात पहिल्यांदा विहिरीचं पाणी शेंदलं, आणि ते इतकं गार लागलं की तो क्षणभर थक्क झाला. झरोक्यातून हेमांगीचा आवाज आला, "बाबा, झोपाळा गप्प कसा झाला?"

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे रायबाला शाल-श्रीफळ मिळालं आणि त्याच्यामागे वेस बंद झाली.

पहाट झाली. पन्हळ ठिबकली, झोपाळा कुरकुरला, रहाट अडला. छत इतकं खाली आलं की राजकन्या पाठीवर आडवी झाली आणि छत तिच्या नाकाला टेकायला आलं. राजा झरोक्यापाशी ओक्साबोक्शी रडू लागला. सुतार पक्ष्यानं चोचीनं त्याचा मुकुट ठोठावला.

"रडतोस काय? वेशीवर जा!"

वेशीवर रायबा उभा होता, खांद्यावर हत्यारांची पिशवी. पहारेकऱ्यांनी त्याच्यापुढे भाले आडवे धरले होते.

"का आलास?" राजानं विचारलं.

"कालचं काम बघाया. पहिल्या दिशी काम हुतं, दुसऱ्या दिशी ते बसतं. आमच्या आळीत समदे असंच करत्यात."

पहारेकरी म्हणाला, "महाराज, आपल्या पणजोबांची आज्ञा आहे. इथं काम केलेला कारागीर पुन्हा आत येता कामा नये. त्याला चोरवाटा ठाऊक होतात."

पक्षी बोलला, "हा राजवाडा बांधणारा कारागीर जादूगार होता. दुसऱ्या दिवशी तो आपलं काम पाहायला आला, तर त्याच्यापुढे असेच भाले आले. तो म्हणाला, 'माझं काम मला पाहू देत नाही, तर या घरात कुणाचंच काम टिकणार नाही.'"

राजानं स्वतःच्या हातांनी भाले खाली केले. "या, रायबा," तो म्हणाला.

रायबाचं पाऊल वेशीच्या आत पडलं मात्र, शंभर वर्षांचे खिळे मुंग्यांसारखे रांगेनं चालत आपापल्या जागी गेले. भेगा मिटल्या. पन्हळ सांधली गेली. महालाचं छत, कुणी श्वास भरून घ्यावा तसं, हळूहळू वर चढलं. दाराच्या फळ्या चौकटीपासून सुटल्या, पण दार अजून जाम होतं.

"महाराज, ही फळी जरा धरा," रायबा दारापाशी येऊन म्हणाला. राजानं दोन्ही हातांनी फळी धरली. रायबानं तीनदा हातोडी मारली आणि दार उघडलं.

हेमांगी उठली. ताठ उभी राहिली. हात वर करून पाहिला. छत हाताला लागलं नाही. मग ती धावत येऊन बापाला बिलगली, आणि राजाला हातातली फळी खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

पणजोबांची आज्ञा त्याच दिवशी पुसली गेली. दुसऱ्या सकाळी रायबा दार पाहायला आला. तो हात लावणार, तोच ते आतून उघडलं.

"नीट उघडतंय न्हवं, ताईसाहेब?"

"पहाटेपासून एकवीस वेळा उघडून पाहिलं, रायबाकाका," हेमांगी म्हणाली. "थांबा, तुमच्यासमोर पुन्हा एकदा उघडते."

जसं तिचं दार उघडलं, तसं आत अडकलेल्या प्रत्येकाचं उघडो.