धरला की ढकलला?

एकदा एका शहरात शाळकरी मुलांची यंत्रमानवांची स्पर्धा भरली. मुख्य पंच होते तांबोळी सर. सारे आयुष्य तंत्रशाळेत शिकवण्यात गेलेले. त्यांची जुनी विद्यार्थिनी शर्वरी पहिल्या मैदानावर पंच होती आणि तिचा सहकारी प्रसन्न दुसऱ्यावर.

नियमावलीत एक वाक्य होते : 'यंत्राने चेंडू ढकलावा, धरून ठेवू नये.'

गडहिंग्लजच्या चार मुलींचे यंत्र दोन पात्यांमध्ये चेंडू घेऊन पळत होते. शर्वरीने त्यांना बाद ठरवले. मुली माना खाली घालून निघाल्या. पण त्यांच्यातली तेजल दुसऱ्या मैदानापाशी थबकली. तिथे तशाच पात्यांचे यंत्र तसाच चेंडू नेत होते आणि प्रसन्न त्याला गुण देत होता.

ती थेट तांबोळी सरांकडे गेली. "सर, तिकडं चालतंय, मग आमचंच कसं बाद?"

सरांनी दोघा पंचांना बोलावले. शर्वरी म्हणाली, "नियम स्पष्ट आहे, सर. प्रसन्न ढिलाई करतोय."

"ढिलाई कसली? पात्यांनी चेंडू आवळला कुठे? तो नुसता ढकलला जातोय," प्रसन्न म्हणाला.

सरांनी सगळे सामने थांबवले आणि दोघांच्या हाती एकेक कागद दिला. "मुलींचं यंत्र दहा वेळा चेंडू नेईल. धरला की ढकलला, एवढंच लिहा. एकमेकांचं पाहू नका."

दहापैकी सहा वेळा उत्तरे वेगळी आली. मुलांमध्ये हशा पिकला. शर्वरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात सर निकालाच्या फळ्याकडे गेले, 'बाद' या शब्दासमोरचे मुलींच्या संघाचे नाव त्यांनी पुसले आणि तिथे स्वतःचे नाव लिहिले.

"सर, हे काय? निर्णय तर माझा होता," शर्वरी कळवळून म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर कशाला?"

"वाक्य माझं होतं, बाळ," सर म्हणाले. "लिहिताना 'धरणं' म्हणजे काय, ते माझ्या मनात स्वच्छ होतं, म्हणून मला वाटलं, ते कागदावरही उतरलंय. तुम्ही दोघं प्रामाणिक आहात. कागदावर जे नव्हतं, ते तुम्ही आपापल्या मनातून भरलंत. मुलींचं भवितव्य मात्र नियमानं ठरलं नाही, वाट्याला आलेल्या मैदानानं ठरलं. हार मुलांना सोसते. कशानं हरलो हेच न कळणं सोसत नाही. ते सगळ्यांसमोर घडलं, म्हणून दुरुस्तीही सगळ्यांसमोर."

मग त्यांनी मुलांनाच नवे वाक्य सुचवायला सांगितले. पुष्कळ वाद झाला. अखेर तेजलचे वाक्य सर्वांना पटले : 'यंत्र मागे सरले आणि चेंडूही त्याच्याबरोबर मागे आला, तर तो धरला.' ते फळ्यावर लिहून वादातले सगळे सामने पुन्हा खेळवले गेले.

मुलींनी घाईघाईने पाती सैल केली. तरीही शेवटच्या मिनिटाला यंत्र मागे सरले आणि चेंडू त्याच्याबरोबर आला. शर्वरीचा हात वर जाण्याआधीच तेजल ओरडली, "धरला!"

मुली त्या एका गुणाने हरल्या. पुढच्या वर्षी पाती कशी बसवायची, यावर भांडत, हसत चौघी बाहेर पडल्या. त्यांच्याकडे पाहताना शर्वरीला पंच असण्याचे ओझे त्या दिवशी प्रथमच वाटले नाही.